नऊ सेकंद

एकतीस डिसेंबर. आगेदाच्या कारखान्यात
मी आणि हीटर, दोघंच जागे.
बाराला जुना प्रमाण भाव बंद होईल, नवा लागू.
तोवर एकेका मालाची ओळ उघडायची,
खर्चाचे घटक चाचपायचे, मिटायची.
ग्रासानं जाताना कागदी कपात बारा मनुका ठेवल्या,
ठोक्यागणिक एक, वर्ष गोड जावं म्हणून.
तीन मी आत्ताच खाल्ल्या.

सायकलची घंटी, नमुना बेचाळीस.
पितळेची वाटी, एक्क्याण्णव सेंट आणि थोडं वर.
स्प्रिंग. स्क्रू.
निकेलचा मुलामा नदीपलीकडच्या तेल्मुकडून, तेहेतीस
(तो यंदा पस्तीस घेतो; वरचे दोन
तफावतीच्या खात्यात वर्षभर कुरकुरत पडलेत).
यंत्र. वरखर्च, म्हणजे माझा पगार
आणि हा हीटर.
मजुरी.

मजुरीच्या पोटात आणखी ओळी:
जोडणे, आवळणे, पुसणे,
आणि क्रिया क्रमांक सत्तर: ऐकणे.
नऊ सेकंद.

हा आन्सेल्मु.
मी नवीन होते तेव्हा एक पोरगेला इंजिनिअर
स्टॉपवॉच घेऊन तीन दिवस त्याच्या पाठीशी उभा होता.
आन्सेल्मु घंटी कानाशी नेई, एकदाच वाजवी,
खणखणीत असेल तर उजवीकडे,
बद्द बोलली तर डाव्या पेटीत.
घड्याळ म्हणालं, सात.
आन्सेल्मु म्हणाला, ऐकलेलं विसरायला मला दोन लागतात,
नाहीतर पुढचीत मागचीच वाजते.
पोरानं मुकाट नऊ लिहिले.

आन्सेल्मु जाऊन पाच वर्षं झाली.
त्याच्या जागी खोक्यांना पट्टी मारायचं यंत्र आहे.
कोणी ऐकत नाही.
पण दर डिसेंबरला मी भाव पुढे ढकलते
आणि त्याचे नऊ सेकंद निमूट पुढे सरकतात,
एका घंटीमागे साडेतीन सेंटांहून थोडे जास्त,
हॉलंडचं गिऱ्हाईक ते बिनबोभाट भरतं.

आज मी ती ओळ निवडली. काढून टाकून पाहिली.
दोन युरो अठराची घंटी दोन चौदावर आली.
गोदामात अकरा हजार सहाशे चाळीस.
पडद्यावर लाल आकडा:
वजा चारशे एकोणीस युरो चार सेंट.
कोणी हात लावला नाही, काही फुटलं नाही, गंजलं नाही,
मांडणीवर बसल्या बसल्या माल उतरला.
कारण लिहा, चाळीस अक्षरांत. चौकट रिकामी ठेवता येत नाही.

काय लिहू?
काम होत नाही, लिहिलं. खोडलं.
काम होत नव्हतं. हे तर माझ्यावरच आलं असतं.

मग टॉर्च घेऊन गोदामात गेले.
क रांग, खालचं खोकं. पट्टी नखानं सोलली.
पहिली छान वाजली. दुसरीही.
तिसरीला मी दुसरीच ऐकत होते,
म्हणून थांबले, दोन मोजले, मग वाजवली.
सातवी बद्द.
पुन्हा वाजवली. बद्दच,
उशीत दाबल्यासारखी.
तेवढ्यात चर्चचे ठोके सुरू झाले
आणि आठवी काही ऐकूच आली नाही.

वर आले तेव्हा नवीन वर्ष लागून गेलं होतं.
नऊ सेकंद होते तिथेच, मी काढायच्या आत लागू झालेले.
शेऱ्यात लिहिलं: क्रिया सत्तर, माणूस हवा.
ते कोण वाचतं, ठाऊक नाही.

सातवी माझ्या टेबलावर आहे.
तिचाही भाव दोन अठराच.
उरलेल्या मनुका खाल्ल्या, ठोक्यांशिवाय.
परवा कारखाना उघडला की
कोणाला तरी विचारायला हवं,
आन्सेल्मुची ती डावी पेटी
कुठे ठेवलीय.