डार्क फ्रेम

जतला बसस्थानकासमोर माझा स्टुडिओ, दुसरा गाळा.
दिवसभर मी सांगते: हनुवटी खाली, कान दिसू देत,
हलू नका.
रात्री मीच हलते,
पृथ्वीसकट.

हे कळलं पहिल्याच रात्री.
रानात तिपाई रोवून तीस सेकंद शटर उघडं ठेवलं
तर तारे आले शेवयांसारखे,
खाटेवर वाळत घातलेल्या.

मग दुर्बीण घेतली, मिरजेच्या एका डॉक्टरांची जुनी.
तिचा माउंट पंचवीस अंशांखाली वाकेना.
जिथं तो बनला तिथं ध्रुव उंच असणार.
आमचा ध्रुव सतराच अंशांवर,
सिद्रायाच्या शेततळ्याच्या कुंपणाला जवळजवळ टेकलेला.
उमदीच्या बसगोंडानं लेथवर पाचर कापून दिली,
पैसे विचारले तर म्हणाला, आधी काय दिसतं ते दाखव.
आणि ध्रुव अढळ नाही.
पाऊण अंशाच्या आतबाहेर तोही फिरतो.
पोथी ऐकताना चालून जातं,
नट आवळताना नाही.

फोकससाठी लग्नाच्या अल्बमचा पुठ्ठा घेतला,
ब्लेडनं तिरप्या खाचा पाडल्या,
दुर्बिणीच्या तोंडावर धरून ब्रह्महृदयाकडे वळवली.
तीन रेघा एका बिंदूत येईपर्यंत
श्वाससुद्धा बाजूला सोडायचा.
पुठ्ठ्याच्या मागं अजून सोनेरी अक्षरांत आहे,
चि. सौ. कां.

सिद्रायाचं ड्रॅगनफ्रूट अकरापर्यंत जागं असतं.
एकरभर बल्ब. त्याशिवाय बिनहंगामी फूल धरत नाही.
तोवर मी चहा पिते, बॅटऱ्या पोटाशी ऊबेला ठेवते.
अकराला बल्ब जातात
आणि आकाश एकदम खाली उतरतं.
शर्मिष्ठेच्या टोकदार कोनावरून देवयानीकडे जायचं.
ज्या दोघींचं जन्मात पटलं नाही
त्यातल्या एकीचा पत्ता दुसरीलाच विचारावा लागतो.

एका फ्रेममध्ये काही नसतं.
करडी खर, तिच्यात एक मळका डाग,
बोट लागल्यासारखा.
अशा एकशेवीस घ्यायच्या.
पंधरा जातात मोटर सुरू करायला आलेल्या कुणाच्या बॅटरीत,
दोन विमानांत,
एक मी तिपाईला अडखळले त्यात.
उरलेल्या एकावर एक ठेवल्या की
खर दर वेळी वेगळी, म्हणून झिजत जाते.
डाग दर वेळी तिथंच, म्हणून उरतो.
पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड
सकाळी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर
हळूहळू हात पाय काढतो.

तेव्हा बिळूरची शांतक्का आठवते.
जत्रेतला एक फोटो घेऊन आली होती,
मागच्या रांगेत नवरा, नखाएवढा, हललेला.
एवढं तोंड मोठं करून दे, म्हणाली.
मी मोठं केलं.
नुसते चौकोन मोठे झाले.
दुसरा एखादा फोटो आहे का, विचारलं.
तिनं मानेनं नाही म्हटलं आणि पैसे द्यायला लागली.
मी घेतले नाहीत,
आणि तेही तिला आवडलं नाही.

आता मला नीट सांगता आलं असतं:
अक्का, फ्रेम एकच असली
की खर कुठली आणि माणूस कुठला, वेगळं करता येत नाही.
पण हे सांगून कुणाला काय मिळालं असतं.

पहाटे शेवटचं काम. दुर्बिणीला झाकण लावायचं
आणि तेवढ्याच थंडीत, तेवढाच वेळ
वीस फोटो काढायचे, कशाचेच नाही.
कॅमेरा स्वतःच अंधारात जे पाहतो,
तापलेले ठिपके, एक तांबूस कडा,
ते मग आकाशातून वजा करायचं.
दुर्बिणीवर दव पडलेलं. पार्लरचा ड्रायर मी विसरले.
झाकण लावलेलं असताना
तिथंच बांधावर बसते.
वीस गुणिले तीस, दहा मिनिटं.
सिद्रायाची म्हैस उठते. कुठंतरी ट्रॅक्टर.

बसगोंडाला फोटो दाखवला.
बराच वेळ बघून त्यानं
बाहीनं काच पुसली.