मापाची वही

आधी मला फक्त पाणी दिसलं.
बादलीच्या कडेवर पुढचे पाय ठेवून
मी एक बाही जोडेपर्यंत गुंडी पीतच राहायची.
म्हटलं, एप्रिल आहे,
पद्मावतीत सगळ्यांचेच घसे कोरडे.

मग अस्तराच्या गठ्ठ्यावरची उडी
वीतभर तोकडी पडू लागली.
मागचे पाय टाचा टेकवून, फटक फटक,
कुणाच्या तरी मोठ्या सपाता घातल्यासारखी चालायची.

डॉक्टर मिसाळांनी कानाच्या कडेला टोचलं.
थेंब मोहरीएवढा, आकडा चारशे बारा.
"शुगर आहे हिला."
मी म्हटलं, "चहा मी घेते हो, ती नाही घेत."
ते हसले नाहीत.
बारा बारा तासांनी इन्शुलिन, एक युनिट,
म्हणजे सिरिंजवरची एक रेघ.
"टोचायला जमेल ना?"
छत्तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?

पण कापड मागे वळून बघत नाही.

खांद्यामागची कातडी चिमटीत उचलायची
चुणी घेतो तशी,
आणि चुणीच्या पोटात सुई.
पहिल्या संध्याकाळी ती दोन्ही पदरांतून आरपार गेली.
केस ओले, औषध वाया,
आणि दुसऱ्यांदा द्यायचं नाही, हे बजावलेलं.
शिवण चुकली की मी उसवते.
रात्रभर ब्लेड हातात घेऊन बसल्यासारखी जागी होते,
उसवायला काही नव्हतं.

बाटली फ्रिजच्या दारात, आल्याच्या तुकड्याशेजारी.
हलवायची नाही. तळहातांत घोळवायची, वात वळावी तशी.
गुरुवारी वीज गेली की फ्रिजचं दार
मी कुणाला उघडू देत नाही,
स्वतःलासुद्धा.

पोंक्षे वहिनी ब्लाउज न्यायला आल्या.
"मांजराला? महिन्याचे किती जातात गं?"
सांगितले.
"अगंबाई, तेवढ्यात तर..." म्हणाल्या
आणि पुढचं गिळलं.
दुसऱ्या दिवशी सिरिंजचं एक खोकं टेबलावर ठेवलं,
अर्धं भरलेलं, रबरबँड लावलेलं.
"आमच्याकडे पडून होतं. आता लागत नाही."
कुणाला लागत नाही, ते मी विचारलं नाही.
त्यांच्या ब्लाउजला हुक जरा जास्त घट्ट लावले.

एका पहाटे ती मशीनखाली आडवी,
मान लुळी, डोळे दुसरीकडेच.
आता साखर उतरली होती, फारच.
हिरड्यांना मध चोळला, बोटानं, पुन्हा पुन्हा,
जिच्यासाठी महिनाभर
साखरेशी भांडत होते, तिलाच.
पायडलवर डोकं टेकून तिनं माझं बोट चावलं.
इतकं बरं कुठल्याच चावण्यानं वाटलं नव्हतं.

मिरजेहून बहिणीचा फोन: नातीचं बारसं, ये.
मी हिशोब मांडला. सकाळी सहा, संध्याकाळी सहा,
मधे जाऊन यायचं.
सातारा जमेल. मिरज नाही.
"मांजरासाठी?" ती म्हणाली.
झबलं पोस्टानं पाठवलं. पिवळं, मऊ शिवणीचं.

आकडे कुठे लिहायचे, म्हणून मापाच्या वहीतच लिहिते.
पोंक्षे: छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मागून खोल.
गुंडी: सकाळी दोनशे ऐंशी, एक रेघ, खाल्लं सगळं.
भिसे: फॉल-पिको, दोन साड्या.
गुंडी: संध्याकाळी दोनशे दहा. उडी मारली, गठ्ठ्यापर्यंत.

हल्ली पावणेसहालाच ती टेबलावर येऊन बसते,
सुईनंतर वाटी मिळते म्हणून.
तिला वाटतं, सुईतूनच जेवण येतं.
तसं ते खोटंही नाही.

वहीत प्रत्येक नावापुढे शेवटचा रकाना असतो,
कधी देणार, त्याची तारीख.
गिऱ्हाइकाला मी कधी तारीख चुकवलेली नाही.
गुंडीच्या ओळीत तो मोकळा आहे.
तिथे टाचणीही लावत नाही.

थांबा, वहिनी, पाच मिनिटं.
सहा वाजतायत.