पोटभाडेकरू

शंभर ग्रॅम माल्टची पूड, लिटरभर पाणी,
पंधरा मिनिटं खळखळून उकळी.
उतू जातंच. दर वेळी जातं.
शेगडीवर तपकिरी चिकट नकाशा उमटतो
आणि खालच्या मजल्यावर वास पोचतो.
"काय वो, आज परत काढा?"
काढाच, काकू.

बादलीतल्या गार पाण्यात चंबू उभा करायचा,
थेंब मनगटावर घेऊन बघायचा
तान्ह्याच्या दुधासारखा,
मग कुपीतला मळकट पांढरा गाळ,
चुन्याच्या साक्यासारखा,
हलवून आत सोडायचा.

उद्यमनगरच्या भंगारातनं आणलेला पंखा
जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातला,
त्यावर दोन चुंबकं चिकटवलीत.
रात्रभर चंबूत भोवरा फिरत असतो.
दिवसा मी लेथवर लोखंड फिरवतो,
रात्री हे.

गुळावर वाढवू नको, सतेजनं बजावलं होतं.
पहिली कुपी त्याचीच,
लॅबमधनं रुमालात गुंडाळून आणलेली.
गुळावर वाढले की सुस्तावतात लगा,
सोप्या साखरेची चटक लागते,
मग सातूच्या साखरेला तोंड लावत नाहीत.
अख्खं कोल्हापूर गुळावर वाढलं
आणि बंदी तेवढी ह्यांनाच.
सतेज आता हैदराबादला असतो.
फोन नसतो त्याचा.
त्याच्या कुपीची नववी पिढी माझ्याकडं आहे.

दोन दिवसांनी चंबू फ्रिजमध्ये.
गारठ्यानं सगळे तळाशी बसतात,
वरचं ओतून टाकायचं,
उकळून निवलेल्या पाण्यात गाळ सैल करून
कुप्या भरायच्या.
चिकटपट्टीवर तारीख, पिढी.
झाकण किंचित ढिलं,
झोपेतही ते श्वास टाकतात.

त्या ऑगस्टात पंचगंगा
गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन थांबली.
वीज मात्र गेली ती पाच दिवस.
दुसऱ्या दिवशी फ्रिजमधनं पाणी गळायला लागलं,
मी सहा कुप्या हातात घेऊन जिन्यात उभा.
कुठं जायचं ते ठरलं नव्हतं.

उपाध्ये काकूंनी दार उघडलं.
स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात
एका मडक्यात दुसरं मडकं,
मधे ओली वाळू, वर ओलं फडकं.
आत त्यांचं इन्सुलिन.
"काढा न्हवं ते, मला ठावं आहे," म्हणाल्या.
"ह्यात जीव आहेत?"
आहेत.
"किती?"
कुपीत काही अब्ज, मी म्हणालो,
आणि म्हणता म्हणताच लाज वाटली.

ह्या बाई पाणी दुहेरी फडक्यानं गाळतात,
सूर्य बुडाल्यावर घास घेत नाहीत,
कालचं दही आज चालत नाही त्यांना.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
बाहेर कुणीतरी नावेला हाका मारत होतं.
"बाहेर ठेवलास तर मरतील की."
इन्सुलिनचं खोकं एका अंगाला सरकवलं.
"ठेव. माझ्या घरात उठवायचं न्हाई फक्त."

फडकं ओलं करायची पाळी आम्ही वाटून घेतली.
तिसऱ्या रात्री मेणबत्ती धरून
खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली:
त्यांचं इन्सुलिनही
यीस्टकडनंच करवून घेतलेलं.
दोन्ही एकाच वाळूत गार होत होते.
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
सांगावं की नाही, अजून ठरत नाही.

एक कुपी फुगली, ती फेकली.
फेकतानाही आधी खाली बघितलं,
काकू अंगणात नाहीत ना.
पाच उरल्या.

वीज आल्यावर एक चंबूत सोडली.
पहिली रात्र काही नाही.
दुसऱ्या सकाळीही नुसता भोवरा,
कान लावला, पंख्याचीच घरघर.
संध्याकाळी कडेला फेसाची रेघ,
बारीक, पावडर लावल्यासारखी.

जिन्यात काकूंनी गाठलं,
आवाज खाली आणून विचारलं,
"उठले का?"
उठले.
"बरं," म्हणाल्या, आभाळाकडं बघितलं,
उजेड होता अजून थोडा,
आणि जेवायला आत गेल्या.