हातरुमालाएवढी जागा

माझं काम अंधारात चालतं.
खोलीत हिरव्या लेसरचं एक पातं,
त्याच्या खाली मी पंप दाबते, फवारा उमलतो,
कॅमेरा कोन मोजतो, मी थेंब.
फार बारीक झाला तर भरकटतो फुप्फुसात,
फार जाड झाला तर ओघळतो ओठावर, शेंबडासारखा.
मधला हवा,
नाकासमोर चालणारा.

एकोणीस वर्षं.
शेजारच्या टेबलावरची गुंडेल म्हणते,
आपण दोघी नाकाच्या जिवावर जगतो
आणि नाक मुरडायला सवड नाही.

सोमवारी वरच्या मजल्यावर वीलांड पडदा सोडतात.
पडद्यावर नाकाचा उभा छेद, गुलाबी,
विकायला काढलेल्या दरीसारखा.
गिळलेल्या गोळीला वाटेत पोट, आतडं, यकृत,
तीन जकातनाके,
जो तो आपला वाटा काढून घेतो.
नाकातच तेवढा नाका नाही.
आतली ओली त्वचा पसरली
तर जेमतेम हातरुमालाएवढी,
आणि तिच्याखाली रक्त, लगेच, सगळ्या अंगाला जाणारं.
अर्धशिशी, फिट, नैराश्य, एकाएकी उतरलेली साखर,
म्हाताऱ्या बायकांची ठिसूळ हाडं.
एवढ्याशा रुमालाची टोकं
कुणीकुणी ओढून धरली आहेत!

मग चढती रेघ.
"आणीबाणीच्या औषधाचं बरं असतं,"
वीलांड म्हणाले,
"वापरलं नाही तरी मुदत संपते
आणि तेच गिऱ्हाईक परत येतं."
कुणीतरी हसलं.
मीही हसले असेन. कॉफी चांगली होती.

ऑक्टोबरात मीर्सबुर्गहून सुटणाऱ्या फेरीवर
वरच्या डेकवर एक मुलगा अचानक आडवा झाला.
विशीतला. टाचा लोखंडावर वाजत होत्या,
डबा सुटला होता त्याचा, सफरचंदाच्या फोडी सगळीकडे.
लोक मागे सरकले,
एकानं फोन वर धरला, मग खाली घेतला.
त्याची बहीण गुडघ्यावर बसली,
टिल, टिल, म्हणत,
आणि कोटाच्या आतल्या खिशातून
तिनं काढला
माझा पंप.

त्याआधी मी तो कधी कुणाच्या हातात पाहिला नव्हता.
बोटं थरथरत होती तिची,
पण टोक बरोबर आत गेलं
आणि टक्.
हा आवाज मी झोपेतही ओळखेन.
तोंडातून निघून गेलं, "कोन बरोबर आहे."
तिनं वर पाहिलं,
भलत्या वेळी नाक खुपसणाऱ्या बाईकडे पाहावं तसं.

मग वाट पाहणं.
ते आमच्या खोलीत मोजत नाहीत.
एक मिनिट. दोन. सरोवर तसंच, करडं, सपाट.
मी तळहात धरला त्याच्या नाकाशी,
सूत धरावं तसा.
चौथ्या मिनिटाला टाचा थांबल्या.
तळहातावर ऊब आली, गेली, परत आली.

योरिंडे नाव तिचं. किनाऱ्याला लागताना
तिनं रिकामा पंप रुमालात गुंडाळला.
"मुदत जूनमध्येच संपली होती," ती म्हणाली,
चोरी पकडल्यासारखी.
"दर वेळी फेकायचा जीव होत नाही.
एकदा न वापरता फेकला तेव्हा
टिल म्हणाला, बघ, किती छान गेली दोन वर्षं."

मी कुठे काम करते ते सांगितलं नाही.
सांगितलं असतं तर काय म्हणाली असती?
आभार मानले असते
की किंमत विचारली असती?

मंगळवारी पुन्हा अंधार.
दाबते. टक्.
हिरव्या उजेडात धुकं क्षणभर तरंगतं,
ओढून घ्यायला कुणाचाच श्वास नसतो,
आणि खाली बसतं.
गुंडेल विचारते, थांबलीस का?
काही नाही, म्हणते मी,
आणि आकडा लिहिते.