सुटी

निपाणीच्या स्टँडमागं माझी टपरी.
बोर्ड कानडीत: अठराच्या आतल्यांना मिळणार नाही.
पोरं शाळेत कानडी शिकतात, पैकीच्या पैकी मार्क काढतात,
आणि माझ्यापुढं आली की म्हणतात,
मावशी, आम्हाला वाचता येत नाही की.

मग हात पुढं. एक सुटी.
पाकीट कोण घेणार? पाकिटाला खिसा लागतो
आणि खिसे घरी आई धुते.
सुटी म्हणतात तिला. सुटते कुठं.
मी देते. लाईटबिल येतंय की.

मणीवाली दे, म्हणतो ज्योतिबा.
बुडाच्या कापसात एक मणी असतो,
मुगाएवढा, हिरवा.
दातांत धरून दाबला की टच्च.
तेवढ्यासाठी चारजण वाकून कान लावतात.
मला तो आवाज जुना वाटतो.
ह्याच पायरीवर बसून मालन
ह्याच्या डोक्यातल्या उवा मारायची,
अंगठ्याच्या नखावर अंगठ्याचं नख.

सम्मेदला ब्ल्यूबेरी लागते.
ते फळ निपाणीत कुणी बघितलेलं नाही.
आमच्याकडं जांभळं.
जांभूळ चोरून खाल्लं
तर जीभ दिवस मावळेपर्यंत चुगली करते.
ह्या फळाला रंगच नाही.
जिभेवर नाही, ओठावर नाही, युनिफॉर्मवर नाही.
कुणीतरी लांब बसून
बरोब्बर विचार केलाय
आमच्या पोरांच्या आयांचा.

मीपण होते वखारीत, अकरा वर्षं.
चाळण हलली की खकाणा उठायचा,
छपरातल्या उन्हाच्या तिरपीत उभा राहायचा, खाली बसायचा नाही.
नाकाला पदर, तोही तीन पदरी,
तरी संध्याकाळची थुंकी तपकिरी.
लेकरू छातीशी घेतलं
की दूध सोडून शिंकायचं.
शेळी ह्या पाल्याला तोंड लावत नाही.
माणसानं लावावं म्हणून
त्यात पुदिना घालावा लागतो, वेलची, लवंग, बडीशेप,
बाळंतिणीच्या डब्यातलं सगळं.

परवा सहाच्या भोंग्यानंतर मालन आली.
चुन्याची डबी पाहिजे होती.
ज्योतिबाच्या दातांत मणी नुकताच फुटलेला.
हात पाठीमागं गेला.
धूर गिळला त्यानं, डोळ्यांत पाणी आलं,
पण सोडला नाही.
बाकीची पोरं खांबावरच्या बसच्या वेळा वाचायला लागली,
कानडीतल्या.

मालन त्याच्यापासून हातभर लांब थांबली.
म्हणाली, जवळ येत नाही बाबा,
वखारीतनं थेट आलोय.
अंगाला वास मारत असंल.

नाही मारत, म्हणाला तो.
तोंड न उघडता म्हणाला.

डबी घेऊन गेली ती.
तिला काही कळलं नाही. कळणार कसं?
एकवीस वर्षांच्या खकाण्यानं
तिचं नाक कधीच गेलंय.
आमटी करपली तर शेजारीण हाक मारते.
मला माहीत आहे, त्याला नाही.
तो आपला रोज पुदिना विकत घेतो,
उपाशी राहून, डब्याच्या पैशातनं,
आणि घरात हुंगणारं कुणी नाही.

सांगावं का त्याला?
सांगितलं तर साधी ओढेल. स्वस्त पडते.
दोन दिवस हाच हिशेब करत बसले.

काल आला. म्हटलं, मणीवाली संपली.
फळीखाली अठरा पाकिटं होती.
त्यानं माझ्याकडं बघितलं, फळीकडं बघितलं,
सुटे पैसे परत खिशात टाकले
आणि रस्ता ओलांडून बसाप्पाच्या टपरीवर गेला.

मधे चिकोडीची गाडी उभी, इंजिन चालू.
पलीकडचं काही इकडं ऐकू येत नाही.
माझं एक नख तेवढं
उगीच दुसऱ्यावर जाऊन बसलं.