सोयरू मेस्त गाडीत बसत नाही

पाळीच्या उतारावर, जिथून खाणीचे ट्रक
आमच्या दुपारच्या झोपेवरून जायचे,
तिथं पत्र्याची एक शेड आहे. पाटी नाही.
"अक्षरं काढायचा तो रंगारी वारला," मेस्त म्हणाला,
"दुसऱ्याची वेलांटी मला पटत नाही."

जुन्या जीपा दुरुस्त करतो.
दुरुस्त हा शब्द त्याला चालत नाही.
म्हणतो, गाडी उलगडायची आणि परत घडी घालायची.

बाबांची जीप मी टेम्पोवर बांधून नेली,
म्हशीला डॉक्टरकडे नेतात तशी.
कंपनीच्या लिलावात सत्तावीसशेला घेतलेली,
डाव्या हाताचं स्टिअरिंग, जीडीएचा नंबर,
मागच्या सीटखाली नमुन्यांच्या पिशव्यांचे धागे.
त्यानं हात लावला नाही. एक फेरी मारली.
"हिच्यात बसणार कोण?"
"मी," मी म्हटलं.
कळंगुटच्या हॉटेलवाल्याचा ॲडव्हान्स
तेव्हा माझ्या खात्यात जमा होता.

त्याच्या घराण्यानं देवीचा रथ घडवला.
ज्यानं घडवला त्यानं वर चढायचं नाही, असा रिवाज.
सोयरूनं तो रिवाज जरा लांबवर ओढला:
आपल्या हातच्या कुठल्याच चाकावर बसायचं नाही.
मग वाटलं, बससुद्धा कुणाच्या तरी हातचीच.
साखळीला नट आणायला चालत जातो, चालत येतो.
बायको एकदा वैतागून म्हणाली,
आता पाटावरही बसू नका, तोही तुम्हीच केलाय.
तो दोन दिवस उभ्यानं जेवला.

सात महिने.
मी गेले की जीप दर वेळी आणखी कमी असायची.
पिवळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली राखी,
राखीखाली नुसतं लोखंड, ओशाळलेलं.
कुजलेल्या फळीच्या जागी फणसाची फळी,
रंधा मारताना शेडमध्ये मधाचा वास,
आणि मेस्त गिअरबॉक्सला कान लावून,
जसं शेजाऱ्याचं भांडण ऐकावं.

शेवटी त्यानं दोन गोष्टी माझ्या हातात दिल्या.
उरलेले अकरा बोल्ट, कागदात.
आणि प्लास्टिकच्या पिशवीत लाल माती,
दाराच्या पोटातून, चॅसीच्या खाचांतून काढलेली,
वजन करून: दीड किलो.
"गिऱ्हाईकाचं ठेवून घेत नाही," म्हणाला.
बाबांनी तीस वर्षं डोंगर असाच पिशव्यांत भरला,
नंबर घातले, पाठवून दिला.
ही एवढी नंबराशिवाय राहिली.

चाचणीला मी स्टिअरिंगवर.
"तुम्ही?"
"हांव चलतां. तूं चलय."

पहिला गिअर. तो बाजूनं, बॉनेटवर पंजा ठेवून,
चपला लाल, नजर समोर,
रथाच्या दिवशी त्याचे लोक चालत असतील तसा,
पण ढोल नाही, माणसं नाहीत,
बंद खाणीचं फाटक, त्यावर वाळत घातलेली कुणाची तरी परकर-साडी,
एक कुत्रा थोडा वेळ आमच्याबरोबर.
मध्येच तो म्हणायचा, "आता," आणि मी क्लच सोडायचे.
मध्येच म्हणायचा, "ऐकलंस?"
मी हो म्हणायचे. ऐकू काहीच येत नव्हतं.

पुलाशी त्यानं हात काढला.
बॉनेटवर पंजाचा घाम, पाच बोटं, उडून गेली.
शेजारच्या सीटवर त्यानं एक पाचर ठेवली,
रथाच्या चाकाखाली घालतात तशी, लहान.
"हँडब्रेकचं खरं मानू नको. उतारावर ही घाल."
आणि वळून शेडकडे चालू लागला,
जसा साखळीहून येतो तसाच.

पूल ओलांडल्यावरही मी दुसरा गिअर टाकला नाही.
मागून एक बस हॉर्न देत राहिली.
फोन थरथरत सीटभर सरकला,
पाचरीला टेकून थांबला.