मांजरपाट

चिंताद्रीपेटेत, कूम नदीच्या वासात
एकांबरम गज लावतो कोऱ्या ठाणाला.
"तुमच्याकडे काय म्हणतात याला?"
मांजरपाट, मी सांगतो. मांजर म्हणजे पूनै.
तो खो-खो हसतो.
मग कात्री थांबते.
"मद्रासपट्टणम," हळूच म्हणतो,
"गलबतावर चढताना
कुणाच्या तरी तोंडात मोडलं असेल."

त्याच्या आजोबांचा आजा कंपनीसाठी विणायचा.
मागाचा खड्डा सिमेंटनं बुजलाय,
वर झेरॉक्सचं यंत्र.
शहरानंही ते नाव उतरवून ठेवलं,
पाट्या बदलल्या.

टर्रकन फाडतो दोन वार.
"लिहून द्या, तुमच्या लिपीत."
मी बिलाच्या पाठीवर लिहितो.
तो अक्षरांवरून बोट फिरवत राहतो
सूत तपासावं तसं,
कुठं तुटलंय ते शोधत.